गाव विचारायचं नाही

मंजूच्या घरातल्या उशांना फुलाफुलांचे अभ्रे होते आणि आमच्या उशांना नव्हते, इथून सगळं सुरू झालं. तसं आमच्या उशांना अभ्रे नाहीत हे मला बरीच वर्षं कळलंही नव्हतं. उशी म्हणजे आईच्या जुन्या लुगड्यात कोंबलेला सावरीचा कापूस, डोकं टेकलं की झालं. पण काकूने मुंबईहून अभ्र्यांचा गठ्ठा मागवला, धुऊन दोन माडांमध्ये बांधलेल्या दोरीवर वाळत घातला, आणि आमच्या विहिरीवरून खाली बघितलं की ती गुलाबी फुलं वाऱ्यावर फडफडताना दिसायला लागली. मी पाणी ओढता ओढता थांबून बघत राहायचे. रहाटाची करकर थांबली की आई आतून ओरडायची, "नंदे, पाणी बघ, फुलं काय बघतेस?" स्वयंपाकघराला तिकडे खिडकी नव्हती, तरी आईला सगळं दिसायचं.

मंजू माझी चुलतबहीण. माझ्याच वयाची आणि माझ्याच वर्गात. तिचं घर खाली पुळणीला, समुद्रकाठच्या वाळूला लागून, आमचं वर रस्त्याला लागून. मध्ये माडापोफळींचं आगर आणि आगराच्या मधोमध जांभ्या दगडांचा गुडघ्याएवढा गडगा. हा गडगा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घातला होता. आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की मोठ्या भावाने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे मोठ्याला लबाडी करायला जागाच राहत नाही. अण्णांनी वाटे पाडले. वरच्या वाट्यात रस्ता, राहतं घर, गोड्या पाण्याची विहीर आणि भाताची खाचरं. खालच्या वाट्यात जास्तीचे माड, मचूळ पाण्याची विहीर आणि खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्लेलं एक कौलारू घर. काका बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यांनी खालचा वाटा उचलला. आई सांगायची की अण्णांनी त्यांना पुन्हापुन्हा विचारलं, "अरे, नीट बघ, मग मला बोल लावशील." पण काका म्हणाले, मला घरी आल्यावर समुद्राचा आवाज नसला तर झोप येत नाही. गाव हसलं. त्या पुळणीवर तेव्हा होडीवाले जाळी सुकवायचे आणि सकाळी अर्धं गाव तिथेच परसाकडे जायचं. तिथे पुढे लोक मुंबई-पुण्याहून गाड्या करून येतील, नुसते वाळूत बसून राहतील आणि त्याचे पैसे मोजतील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अण्णांच्या तर नाहीच नाही.

आता तिथे मंजूचं रिसॉर्ट आहे. पोहायचा तलाव आहे. समुद्र समोर असताना तलाव कशाला, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी गेले तर मंजू माझ्याकडून पैसे घेत नाही, उलट कोपऱ्यातली चांगली खोली देते, आणि मला त्या खोलीत रात्रभर धड झोप लागत नाही. आमच्या यजमानांचं म्हणणं एसीमुळे. मी त्यांना तसंच समजू देते.

काकूचा धंदा सुरू झाला तो असाच, कुणी न ठरवता. एका मे महिन्यात शेवटची एसटी चुकलेलं एक कुटुंब तिच्या अंगणात येऊन उभं राहिलं. तिने त्यांना कुळथाचं पिठलं आणि भात घातला, ओटीवर चटया टाकून दिल्या. सकाळी जाताना त्यांनी पैसे पुढे केले आणि काकूने ते घेतले. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी दोन कुटुंबं पाठवली. मग तिने ओटीला लागून दोन खोल्या काढल्या, शहरी पद्धतीचा संडास बांधला, टेबलपंखा आणला, मिक्सर आणला. त्या मिक्सरचा आवाज आमच्याकडे स्पष्ट यायचा. आई पाट्यावर चटणी वाटत असायची आणि खालून ते घुर्रर्र ऐकू आलं की तिचा वरवंटा जरा जास्तच जोरात फिरायला लागायचा. मोठी गर्दी असली की काकू आईला मोदक वळायला बोलवायची, कारण आईच्या हातच्या मोदकाला जशा कळ्या पडायच्या तशा काकूच्या हाताला जन्मात साधल्या नाहीत. नात्यात मजुरी कसली! काकू संध्याकाळी वाटीभर उरलेलं श्रीखंड पाठवायची. त्या श्रीखंडाची मला भयंकर चीड यायची आणि मी वाटी चाटूनपुसून खायचे.

ट्रिपवाले जाताना वस्तू विसरून जायचे, नाहीतर टाकून जायचे, आणि त्या सगळ्या मंजूच्या व्हायच्या. रबरी चेंडू, उन्हाची टोपी, तळाशी थोडा शाम्पू उरलेली बाटली. मंजू त्या बाटलीत पाणी घालून घालून महिनाभर पुरवायची आणि शाळेत तिच्या केसांना वास यायचा. माझ्या केसांनाही वास यायचा, पण घरच्या खोबरेलाचा. वर्गातल्या पोरी मंजूच्या मागच्या बाकावर बसायला भांडायच्या. मंजू गरीब स्वभावाची होती हो, तिने कधी तोरा दाखवला नाही. तोरा दाखवला असता तर मला तिच्याशी उघड भांडता तरी आलं असतं. ती आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, "तुला जास्त शोभते." ते खरं होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

काकूची एक गोष्ट मात्र गावात कुणालाच पटत नसे. ती आलेल्या माणसाला गाव विचारत नसे. आमच्याकडे परका माणूस दारात आला की पाण्याच्या तांब्याबरोबर पहिला प्रश्न बाहेर पडतो, "कुठले तुम्ही?" मग मूळ गाव, मग आडनाव, मग आजोळ, मग "म्हणजे अमक्याचे तुम्ही कोण?" कुठेतरी धागा लागतोच. कोकणात एवढी माणसंच नाहीत की धागा लागणार नाही. काकू हे काही करत नसे. किती माणसं, किती दिवस, तिखट चालतं का, एवढंच विचारायची. बायका म्हणायच्या, "दोन वेळा जेवायला घालते, पण तुम्ही कोण-कुठले विचारत नाही, दगडासारखी बाई." मलाही ती दगडासारखीच वाटायची.

अण्णांचं अगदी उलट. एसटीत चिपळूणला बसले की गाडी मार्गताम्हान्याला पोचेपर्यंत त्यांनी शेजारच्या माणसाशी नातं जोडलेलं असायचं आणि उतरताना त्याला घेऊनच घरी यायचे. आई म्हणायची, "नातं तुम्हाला सापडतं आणि चहा मला टाकावा लागतो." अण्णांना दुसरी कसली चैन नव्हती. पान नाही, तंबाखू नाही. माणसाची मुळं खणायची आणि ती आपल्या मुळांना कुठेतरी मिळालेली बघायची, यात त्यांना जो आनंद व्हायचा तो माझं प्रगतिपुस्तक बघून कधी झालेला मी पाहिला नाही.

गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढे सायन्स घ्यायचं तर चिपळूण गाठायचं, तिथे खोली घेऊन नाहीतर कुणाच्या घरी पैसे भरून राहायचं. मंजूची सगळी सोय झाली होती. काकूने एका बाईंकडे तिची राहायची-जेवायची व्यवस्था करून टाकली होती. खाटसुद्धा आधीच पोचली होती. परीक्षा संपली, निकाल लागायचा होता. गणितात मी मंजूपेक्षा नेहमी वर असायचे, हे मास्तरांना माहीत, गावाला माहीत, मंजूला माहीत. आणि मंजू चिपळूणला जाणार आणि मी शिवणाच्या क्लासला. अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू." अण्णांचं "बघू" म्हणजे नाही. मी रात्री आईला म्हणायचे, मला नाही पाठवलंत तर मी विहिरीत जीव देईन. आई म्हणायची, दे, पण पिण्याच्या पाण्याच्या नको. असं करता करता एक दिवस तीच अण्णांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, आपली पुढची खोली या मे महिन्यात ट्रिपवाल्यांना द्यायची. येईल तो पैसा नंदेच्या चिपळूणचा.

"पैसे घेऊन जेवायला घालायचं?" अण्णा म्हणाले. "घरात? आपल्या पानांवर?"

"मग मुलीला घरात बसवा."

 तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच चुना कालवला आणि पुढच्या खोलीला हात मारला. आईने जमीन सारवली, रांगोळीची बोटं ओढली. माझ्या हट्टापायी तिने आपल्या लुगड्याचे अभ्रे शिवले. त्यावर फुलं नव्हती, काठ होते, पण लांबून चांगले दिसत. मी मुद्दाम ते अशा ठिकाणी वाळत घातले की खालून दिसावेत. आणि मग आईने अण्णांना समोर बसवून शिकवणी घेतली.

"गाव विचारायचं नाही."

"बरं."

"आडनावावरून कूळ काढायचं नाही."

"बरं गो."

"आजोळ तर अजिबात नाही."

"अगो, मग बोलू काय त्यांच्याशी?"

"हवेवर बोला."

काकूकडच्या खोल्या भरल्या की ती उरलेल्यांना वर पाठवीन म्हणाली होती, आणि एका सकाळी तिने खरंच एक गाडी वर पाठवली. ठाण्याचे नवरा-बायको आणि दोन मुलं. गाडी आमच्या अंगणात उभी राहिली, त्या गाडीच्या टपाचं ऊन आमच्या भिंतीवर पडलं, आणि मला एकदम वाटलं की आपलं घर मोठं झालं. सकाळी घावने आणि नारळाचं दूध, दुपारी फणसाची भाजी, आमटी, सोलकढी, संध्याकाळी मुलांना पोह्याचे पापड. आई चुलीपासून हलत नव्हती. बाई सारखी स्वयंपाकघराच्या दारात येऊन "अय्या, हे कसं करता?" विचारायच्या, मुलं वासराच्या अंगावर हात फिरवायची, साहेब अर्ध्या चड्डीत आरामखुर्चीवर बसून समुद्राच्या दिशेने बघत राहायचे. आमच्याकडून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, पण त्यांनी तक्रार केली नाही. आणि मंजू! मंजू गडग्यावर येऊन बसली होती आणि आमच्या अंगणातल्या गाडीकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती खालून वर बघत होती. मी उगाचच हातात ताट घेऊन अंगणात चार फेऱ्या मारल्या.

अण्णा हवेवर बोलले. मग आंब्याच्या मोहरावर बोलले. मग एसटीच्या वेळांवर आणि वाटेतल्या खड्ड्यांवर बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांचे विषय संपले. तिसऱ्या दिवशी ते नुसते घसा खाकरायचे आणि मी धावत जाऊन मध्ये पाणी ठेवायचे. त्यांचे डोळे त्या बाईंच्या चेहऱ्यावर रेंगाळायला लागले होते. ही नाकाची ठेवण कुठेतरी पाहिली आहे, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं मला वाचता येत होतं. मी सावलीसारखी त्यांच्या मागे होते. मला काय दिसत होतं म्हणाल, तर चिपळूणच्या स्टँडवर उतरणारी मी, मंजूच्या शेजारी, आणि दोघींच्या हातात सारख्या पिशव्या.

उद्या सकाळी निघणार, त्या संध्याकाळी आईने आंब्याचं सांदण केलं होतं. सगळे ओटीवर बसले होते. अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. खायला नव्हे, व्यापाऱ्याला नमुना द्यायला. बाईंनी सांदणाचा तुकडा नारळाच्या दुधात बुडवून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "असं सांदण लहानपणी माझ्या आजीच्या हातचं खाल्लं होतं."

अडकित्ता थांबला.

"अण्णा, वासरू सुटलं!" मी ओरडले. अण्णा उठून गोठ्यात गेले. मी बाईंना घाईघाईने विचारलं, ठाण्यात सिनेमाची थिएटरं किती आहेत हो? त्या सांगायला लागेपर्यंत अण्णा परत आले, बसले, अडकित्ता हातात घेतला आणि मोठ्या शांतपणे म्हणाले, "वासरू आहे जाग्यावर. तर काय म्हणत होतात, आजी कुठल्या?"

पुढचं सगळं उतारावरून नारळ सुटावा तसं झालं. आजी लांज्याकडच्या. लांज्यात कुठे? नदीपलीकडे. दारात चाफा होता का? होता! घरात एक आत्या होत्या, एका डोळ्याने कमी दिसायचं? "त्या आजीच्या थोरल्या जाऊबाई!" बाई म्हणाल्या. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "अहो, ती माझी सख्खी आत्या," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. खरंच भरले. साहेब उठून त्यांच्या पाया पडले, मुलांना पाया पडायला लावलं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

"आणि गंमत बघा," बाई हसत म्हणाल्या, "गेल्या वर्षी आम्ही खालीच उतरलो होतो. म्हणजे तेही आमचंच घर! पण त्या बाईंनी काही विचारलंच नाही. आम्ही आपले पैसे देऊन मोकळे झालो."

सकाळी साहेबांनी पाकीट काढलं तेव्हा अण्णा दोन पावलं मागे सरले. "आत ठेवा ते. आत्येच्या घरच्या माणसांकडून जेवणाचे पैसे घेऊ?" साहेबांनी आग्रह केला. अण्णा नको म्हणाले. साहेबांनी पुन्हा केला. अण्णा पुन्हा नको म्हणाले. आमच्याकडे तिसरा आग्रह खरा असतो. तो साहेबांनी केला नाही. ते ठाण्याचे होते, त्यांना ते कसं कळावं. वर अण्णांनी गाडीत सहा नारळ, बाटलीभर कोकमाचं आगळ आणि फणस घातला. आता दर वर्षी यायचं, म्हणाले. गाडी गेली आणि अंगणात तिच्या चाकांचे वळ राहिले.

मी ओटीच्या पायरीवर उभी राहून म्हणाले, "मी काकूच्या पोटी जन्माला यायला हवं होतं."

"नंदे!" आई म्हणाली.  अण्णांनी खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला आणि आगरात गेले. लोक म्हणतात की असलं काही आपण रागाच्या भरात बोलतो. मी रागाच्या भरात बोलले नव्हते. मला त्या घटकेला मंजूची उशी, मंजूचा शाम्पू, मंजूची खाट आणि मंजूची आई, सगळं हवं होतं, आणि सगळ्यांत जास्त मंजूची आई.

दुसऱ्या दिवशी आई माझी वेणी घालताना म्हणाली, खाली काम करायला बाई मिळत नाहीये, वाढायला आणि वरकामाला. जातेस? अण्णा ऐकत होते. "आपल्याच माणसांत मजुरी करणार? माझी मुलगी?" ते म्हणाले. आईने वेणीचा शेवटचा पेड घट्ट ओढला आणि म्हणाली, "तुम्ही पैसे घेऊ नका. ती घेईल." अण्णा नको म्हणत राहिले आणि मी गडगा ओलांडून खाली गेले.

काकू विळीवर नारळ खवत होती. मी म्हटलं, काकू, मी आले. तिने वर न बघता सांगितलं, "इथे काकू म्हणायचं नाही. पार्टी उतरलेली असेल तेव्हा बाई म्हणायचं."

"का?"

"पुतणीला पैसे दिले तर गाव मला खाईल. नाही दिले तर तू फुकट राबशील, तुझी आई मोदकांना राबते तशी. कामाच्या मुलीला दिले तर कोण काय बोलणार? पण कुणी पार्टीने विचारलं तर तू आमची कोणी नव्हेस. एकदा पुतणी झालीस की त्या दिवसापासून पैसे बंद. मी देईन म्हटलं तरी मला देता यायचे नाहीत. कळतंय काय?"

मला कळत होतं. मी विचारलं, "ते ठाण्याचे लोक आपल्यातले होते, हे तुला माहीत होतं?"

"गेल्या वर्षी ती सासर-माहेर सांगायला लागली तेव्हा मी ताक घुसळायला आत गेले," काकू म्हणाली. "तुझे काका वर्षभर पाण्यावर. मला कोण आहे? नाती जेवून जातात, नंदे. पार्टी पैसे देऊन जाते." आणि तिने खवलेलं खोबरं माझ्या हातात दिलं. मी तेव्हापासून तिला दगड म्हणणं सोडलं, पण तिच्याबद्दल माया वाटली असंही नाही. तिच्यासारखं आपल्याला जमायला हवं, एवढंच वाटलं.

ते फुलांचे अभ्रे शेवटी माझ्या हातात आले. दुसऱ्यांच्या उशांना घालायला. जवळून बघितलं तर फुलं पुष्कळ विटली होती. मंजू मदतीला यायची तर काकू तिला आत पाठवायची, तू अकरावीची पुस्तकं बघ. मंजू दारातून बघत राहायची आणि मी खाटांच्या चादरी ओढत राहायचे, तिला दिसावं म्हणून जास्त ताणून. एकदा तिने मला शाम्पूची बाटली दिली, अर्धी भरलेली. मी नको म्हणणार होते. घेतली.

अण्णा आले ते भर दुपारी. ओटीवर पुण्याच्या दोन कुटुंबांची पंगत बसली होती आणि मी भात वाढत होते. माझी पाठ होती. पंगतीतले डोळे पायरीकडे वळले म्हणून मी वळले. अण्णा पायरीशी उभे होते, उघडे, खांद्यावर पंचा. "नंदा," ते म्हणाले. एवढंच. ते मला न्यायला आले होते; माझ्या ताटल्या उचलण्यावर गाव काय बोलतं ते त्यांच्या कानावर गेलं असणार. पंगतीत एक भला माणूस होता, जाड चष्म्याचा, मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, "या ना काका, बसा. ही मुलगी तुमची का? चेहरा अगदी सारखा आहे हो!"

काकू तुपाचं भांडं घेऊन बाहेर आली ती दारातच थांबली. मी भाताचं पातेलं धरून उभी होते आणि माझे हात भाजत होते. अण्णांनी हो म्हणायचा अवकाश, मागोमाग घरचं नातं निघणार होतं, मी काकूची पुतणी होणार होते आणि माझं चिपळूण तिथेच बुडणार होतं. हे काकूला कळत होतं, मला कळत होतं, आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून मला समजलं की त्यांनाही कळत होतं; आईने त्यांना सगळं सांगितलेलं होतं. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग काकूकडे. माझ्याकडे नाही बघितलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "बाईंनी नारळ काढायला बोलावलं होतं."

अण्णांच्या तोंडून धाकट्या भावजयीला "बाई" ऐकून काकूने तुपाचं भांडं खाली ठेवलं. पंगतीतली मुलं मात्र उठून उभी राहिली. झाडावर चढणार! आत्ता चढणार? मोठी माणसंही हात धुऊन अंगणात आली, एकाने कॅमेरा आणला. "ऊन फार आहे," काकू घाईने म्हणाली, "राहू दे, भाऊ..." आणि पुढचं गिळलं. अण्णांनी पडवीतल्या खुंटीवरचा सुंभाचा फास काढला, कोयता कमरेला खोचला. ते लहानपणी चढत असत, पण कितीतरी वर्षांत चढले नव्हते. आमचे नारळ काढायला गडी येई. त्यांनी पायांत फास अडकवला, माडाला मिठी मारली आणि चढायला लागले. काकांच्या वाट्याचा माड, पुळणीकडे झुकलेला. मध्ये एकदा थांबले, तेव्हा मी काय म्हणत होते माहीत आहे? मी म्हणत होते, देवा, यांना पडू देऊ नकोस, आणि मला चिपळूणला जाऊ दे. दोन्ही एकाच दमात. माझ्या शेजारी मंजू उभी होती. परवा ती मला म्हणाली की त्या दिवशी तिला माझा हेवा वाटला होता. तिचे बाबा तिला वर्षातून एकदा दिसायचे. मी तिला म्हटलं, काहीतरीच. माझा अजून विश्वास बसत नाही, आणि बसायला नकोही आहे.

जूनमध्ये मी चिपळूणला गेले. मंजूच्याच खोलीत, खाली गादी टाकून. पण त्याला अजून अवकाश होता.

वरून शहाळी वाळूत धपधप पडली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा उतरले तेव्हा त्यांच्या छातीवर आणि पोटावर ओरखडे होते आणि मांड्या थरथरत होत्या. जाड चष्म्याचा माणूस पुढे आला, "वा, काका, कमाल!" म्हणाला आणि खिशातून नोट काढून पुढे धरली.  मला वाटलं, आता मागे सरतील, आत ठेवा म्हणतील, आणि मग बोलता बोलता विचारतील, तुम्ही कुठले.

अण्णांनी पंच्याला हात पुसले आणि एकदाही नको न म्हणता ती घेतली.